युबिकी ५: खोट्या पानापुढे गप्प बसणारी किल्ली

फिशिंग ईमेल ओळखण्याच्या ज्या खुणा वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याचशा आता निकामी झाल्या आहेत. अशुद्ध भाषा, ‘प्रिय ग्राहक’ असं मोघम संबोधन, अंधुक लोगो हे सगळं जुनं झालं. आजचा मजकूर सफाईदार असतो, लोगो खऱ्या पानावरूनच उचललेला असतो आणि तुमचं नाव, फोन नंबर, कधी कधी जुना पासवर्डसुद्धा कुठल्यातरी फुटलेल्या डेटाबेसमधून आलेला असतो. भरवशाची खूण एकच उरते, ती म्हणजे पानाचा पत्ता. नेमका तोच घाईत कुणी नीट वाचत नाही.

युबिको कंपनीची युबिकी ५ ही यूएसबीमध्ये बसणारी छोटी किल्ली पत्ता वाचायचं काम माणसाच्या डोळ्यांकडून काढून घेते. अशी किल्ली घ्यावी का? ज्यांची बाकीची सगळी खाती एका ईमेलवर टांगलेली आहेत त्यांनी जरूर घ्यावी. मात्र दोन घ्याव्यात, आणि बसवताना जुन्या चोरवाटा बुजवाव्यात. तेवढे कष्ट घ्यायचे नसतील तर न घेतलेली बरी, कारण अर्धवट बसवलेली किल्ली फक्त मनाचं समाधान करते.

आत काय चालतं

एखाद्या खात्यावर किल्ली नोंदवली की तिच्या चिपमध्ये त्या साइटपुरती एक जोडी तयार होते. तिचा सार्वजनिक भाग साइटकडे जातो आणि गुप्त भाग किल्लीतून कधीच बाहेर पडत नाही. लॉगिनच्या वेळी साइट एक नवीन आकडा पाठवते, ब्राउझर त्यासोबत आपण खरोखर ज्या डोमेनवर (पत्त्यातल्या साइटच्या नावावर) आहोत ते जोडतो आणि किल्ली त्यावर सही करते. यातली कळीची गोष्ट अशी की डोमेन ब्राउझर सांगतो, पान सांगत नाही. पानाने कितीही सोंग घेतलं तरी त्याला दुसऱ्या डोमेनच्या नावाने सही मागता येत नाही. ज्या डोमेनसाठी जोडीच बनलेली नाही, तिथे किल्लीकडे द्यायला काही नसतं.

एसएमएसने येणारा ओटीपी किंवा ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड इथेच मार खातो. कोडला डोमेन कळत नाही. एव्हिलजिन्क्ससारखी साधनं मधल्या मधे उभी राहतात. तुम्ही खोट्या पानावर टाकलेला पासवर्ड आणि कोड ती त्याच क्षणी खऱ्या साइटला देतात आणि बदल्यात मिळालेली लॉगिनची कुकी, म्हणजे पुन्हा पासवर्ड न मागता आत सोडणारी खूण, खिशात टाकतात. तुम्हाला खरी साइट उघडलेली दिसते, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही.

प्रत्यक्षातला पुरावा हवा असेल तर जुलै २०२२ मधला क्लाउडफ्लेअरवरचा हल्ला पाहावा. कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत एसएमएस आले. दुव्यातलं डोमेन होतं ‘क्लाउडफ्लेअर-ऑक्टा डॉट कॉम’, आणि ते नोंदवून ४० मिनिटंही झाली नव्हती. तिघांनी त्यात आपला पासवर्ड भरला. सुरक्षेच्या धंद्यातल्या कंपनीची ही माणसं होती, तेव्हा ‘मला कळेल’ या भरवशात फारसा अर्थ नाही. पुढच्या पायरीला किल्ली लागत होती, म्हणून हल्लेखोर तिथेच अडले. त्याच सुमारास तशाच हल्ल्यात ट्विलिओ या कंपनीत मात्र घुसखोर आत पोहोचले. गूगलनेही २०१८ मध्ये सांगितलं होतं की २०१७ च्या सुरुवातीपासून ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना किल्ली सक्तीची केल्यानंतर एकही खातं फिशिंगने गेल्याची नोंद नाही.

ती गप्प बसली तर

या उत्पादनाचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे खोट्या पानावर ते काहीच बोलत नाही. लाल दिवा नाही, ‘सावधान’ची पाटी नाही. बहुतेक खोटी पानं किल्ली मागतच नाहीत. ती म्हणतात, ‘सुरक्षा किल्लीत तांत्रिक अडचण आहे, दुसरा मार्ग निवडा’, आणि एसएमएसचा कोड मागतात. किल्ली असलेली माणसं फसतात ती इथे. त्यांना वाटतं किल्ली बिघडली.

म्हणून एक सवय लावून घ्यावी: एरवी किल्ली मागणारं पान अचानक दुसरं काही मागू लागलं, की ते खोटं समजून टॅब बंद करायचा. मग नवा टॅब उघडून साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि तिथे किल्ली लावून पाहायची. तिथे चालली तर आधीचं पान सापळा होतं. अशा वेळी त्यात काही भरलं गेलं असेल, तर लगेच पासवर्ड बदलावा आणि खात्याच्या सुरक्षा विभागातून ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी मरतेच असं नाही. त्यानंतर ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप दुसरीकडे पत्र पाठवणारे फॉरवर्डिंगचे नियम आणि फिल्टर तपासावेत. घुसखोर सर्वात आधी तीच खुंटी ठोकून ठेवतात.

खऱ्या साइटवरही किल्ली चालली नाही तर कारण बहुधा साधं असतं. ती कारणं खाली येतातच.

बसवताना

आधी पिन ठेवा. विंडोजमध्ये साइन-इनच्या पर्यायांत ‘सिक्युरिटी की’ सापडते. इतरत्र युबिको ऑथेंटिकेटर हे कंपनीचं मोफत ॲप वापरता येतं. पिन किमान ४ अक्षरांचा लागतो, आणि नाव पिन असलं तरी त्यात अक्षरंही चालतात. सलग ३ वेळा चुकला की किल्ली काढून पुन्हा लावावी लागते. मध्ये एकदाही बरोबर न येता एकूण ८ वेळा चुकला की फिडोचा, म्हणजे वर सांगितलेल्या सहीच्या पद्धतीचा, भाग कुलूपबंद होतो. मग रीसेट करण्यावाचून इलाज नाही, आणि रीसेट म्हणजे त्या किल्लीवरच्या सगळ्या फिडो नोंदी पुसल्या जाणं. घरात लहान मूल असेल तर किल्ली खेळायला देऊ नये, हे यावरून कळेलच.

दोन्ही किल्ल्या एकाच बैठकीत नोंदवाव्यात. ‘दुसरी नंतर करू’ म्हटलं की ती पाकिटातच राहते. किल्लीची नक्कल काढता येत नाही, म्हणून प्रत्येक खात्यावर दोन्ही वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. नाव देताना ‘रोजची’ आणि ‘कपाटातली’ असं काहीतरी स्पष्ट लिहावं, म्हणजे एक हरवल्यावर यादीतून कोणती काढायची हे शोधत बसावं लागत नाही. कुठल्या खात्यांवर नोंदणी केली याची कागदावर यादी ठेवा. किल्लीत साठवलेल्या पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या जोड्या, ॲपमध्ये दिसतात, पण पासवर्डनंतरचं नुसतं दुसरं पाऊल म्हणून केलेल्या नोंदी किल्लीतून वाचता येत नाहीत.

क्रम ठरलेला असावा. आधी मुख्य ईमेल, कारण ‘पासवर्ड विसरलात?’चं पत्र तिथेच येतं. मग पासवर्ड मॅनेजर. मग फोनमागचं ॲपल किंवा गूगलचं खातं, आणि त्यानंतर बाकीचं. ॲपलने ही सोय जानेवारी २०२३ मध्ये आयओएस १६.३ पासून दिली आणि तिथे किमान दोन किल्ल्यांची अटच आहे. जास्तीत जास्त सहा चालतात. बाकीच्या कंपन्यांनीही हीच अट घालायला हवी होती.

नोंदणी करताना ब्राउझर बहुतेक वेळा पासकी फोनमध्ये किंवा संगणकातच ठेवू पाहतो. घाईत ‘पुढे’ दाबलं तर किल्लीवर काहीच जात नाही आणि माणसाला वाटतं झालं. चौकटीत ‘दुसरं उपकरण’ किंवा ‘सिक्युरिटी की’ असा पर्याय शोधून तो निवडायचा. शेवटी बाहेर पडून, दुसऱ्या ब्राउझरमधून, दोन्ही किल्ल्या एकेकदा वापरून पाहायच्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: एसएमएसचा पर्याय काढणं. किल्ली जोडली तरी जुने मार्ग आपोआप बंद होत नाहीत. खात्यावर फोन नंबर ‘दुसरं पाऊल’ म्हणून राहिला तर सिम बदलून घेणारा भामटा किल्लीला वळसा घालून आत येतो. गूगलच्या ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन योजनेत गेलं की हे मार्ग एकदम बंद होतात आणि बाहेरच्या ॲप्सना मिळणारा प्रवेशही आवळला जातो. इतर ठिकाणी हाताने काढावं लागतं. काढण्याआधी बॅकअप कोड छापून घ्यावेत. गूगल आठ आकडी १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर ठेवावेत, ईमेलमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत नकोत.

रोजच्या वापरातल्या कटकटी

पहिली तक्रार हमखास येते ती अशी: कुणाशी चॅट करताना मध्येच ‘सीसीसीसीसी’ने सुरू होणारी रोमन अक्षरांची लांबलचक ओळ उमटते आणि एंटरही दाबला जातो. किल्लीला चुकून बोट लागलेलं असतं. तिच्यात एक जुनी ओटीपी पद्धत आहे, ती कीबोर्ड असल्याचं भासवून ४४ अक्षरं टाइप करते. नॅनो मॉडेल सतत लॅपटॉपमध्येच असतं, त्यात हे जास्त घडतं. एवढ्याने खातं धोक्यात येत नाही, पण लाज जाते. युबिको ऑथेंटिकेटरमध्ये यूएसबीवरचा ओटीपी हा भाग बंद केला की प्रश्न मिटतो. फिडोवर त्याचा परिणाम होत नाही.

दुसरी तक्रार एनएफसीची, म्हणजे किल्ली फोनला नुसती टेकवून वापरायच्या सोयीची. नवी किल्ली फोनला टेकवली आणि काहीच झालं नाही तर ती खराब म्हणून परत करू नका. फर्मवेअर (किल्लीच्या आतलं सॉफ्टवेअर) ५.७ पासूनच्या किल्ल्या एनएफसी रोखलेल्या अवस्थेत येतात, म्हणजे वाटेत पाकिटाबाहेरून कुणाला त्यांच्याशी बोलता येऊ नये. एकदा यूएसबीमध्ये किमान ३ सेकंद लावली की एनएफसी सुरू होतं. आयफोनला ती वरच्या कडेपाशी टेकवावी लागते. ॲंड्रॉइडमध्ये जागा मॉडेलप्रमाणे बदलते, आणि जाड किंवा धातूचं कव्हर असेल तर ते आधी काढून पाहावं. आयपॅडमध्ये एनएफसी नसतंच, तिथे यूएसबी-सी लागेल.

मधली सोनेरी चकती बोटाचा ठसा ओळखत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ती फक्त ‘इथे माणूस आहे’ एवढंच पाहते, कुणाचंही बोट चालतं. हातमोजा घातला तर चालत नाही. ठसा हवा असेल तर बायो हे वेगळं मॉडेल आहे.

बांधणीबद्दल तक्रारीला जागा नाही. बॅटरी नाही, पडदा नाही, धूळ-पाण्यासाठी आयपी६८ दर्जा, किल्ल्यांच्या जुडग्यात वर्षानुवर्षं घासली गेली तरी चालते.

फर्मवेअर मात्र बदलता येत नाही. कंपनीने हे मुद्दाम केलं आहे, म्हणजे कुणी त्यात घातक फर्मवेअर घालू शकत नाही. पण चूक निघाली तर तीही कायमची राहते. सप्टेंबर २०२४ मध्ये निंजालॅबच्या संशोधकाने युक्लीक नावाची उणीव दाखवली. किल्लीतल्या इन्फिनियन कंपनीच्या चिपमधल्या गणिताच्या वेळेवरून गुप्त किल्ली काढता येत होती. त्यासाठी किल्ली हातात घेऊन फोडावी लागते, महागडी प्रयोगशाळेची साधनं लागतात, त्यामुळे ईमेलने जाळं टाकणाऱ्याच्या ते कामाचं नाही. जुनी किल्ली फेकून द्यायचं कारण नाही. नवी घेताना मात्र ५.७ किंवा पुढचंच फर्मवेअर पाहावं, कारण त्यात कंपनीने या गणितासाठी स्वतःची लायब्ररी वापरली आहे आणि साठवायच्या पासकींची मर्यादाही २५ वरून १०० झाली आहे. जुना साठा स्वस्तात विकणारे दुकानदार ही माहिती सहसा देत नाहीत.

जिथे किल्ली कामाची नाही

३ मे २०१७ रोजी जीमेलवर एक पत्र पसरलं. ओळखीच्या माणसाने गूगल डॉक्स पाठवल्याचं त्यात म्हटलं होतं. दुवा खऱ्या गूगलच्याच पानावर जात होता. तिथे ‘गूगल डॉक्स’ नाव धारण केलेलं एक परकं ॲप ईमेल वाचायची परवानगी मागत होतं. पासवर्ड कुणी मागितला नाही, डोमेन खरं होतं, किल्ली असती तरी तिने आनंदाने सही केली असती. गूगलने ते तासाभरात बंद केलं, पण ही युक्ती अजून जिवंत आहे. परवानगीच्या पानावर ॲपच्या नावावर जाऊ नका. ते बनवणाऱ्याचा पत्ता काय आहे आणि ते काय मागतंय हे पाहा. खात्यातल्या ‘जोडलेली ॲप्स’ या यादीतून अनोळखी नावं काढून टाका.

याच जातीची दुसरी युक्ती कोडची आहे. ईमेलमध्ये एक छोटा कोड येतो आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या पानावर तो टाकायला सांगितलं जातं. ‘मीटिंगला जोडण्यासाठी’ वगैरे. कोड असतो हल्लेखोराच्या उपकरणाचा. तुम्ही किल्ली लावून लॉगिन करता आणि प्रवेश त्याला मिळतो. आपल्या स्वतःच्या पडद्यावर न उमटलेला कोड कुठेही टाकू नये.

संगणकात कुकी चोरणारं मालवेअर शिरलं तरी किल्ली निरुपयोगी, कारण लॉगिन आधीच झालेलं असतं. फुकटात मिळणारी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर हा त्याचा हमरस्ता आहे. आणि ओळखपत्राची प्रत, जन्मतारीख, सही या गोष्टी ईमेलने मागून घेतल्या तर त्यात लॉगिनच नाही. ओळखचोरीचा मोठा भाग अशा कागदांवर चालतो. प्रत पाठवणं टळत नसेल तर तिच्यावर आडवं लिहावं: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. नको असलेले आकडे झाकावेत. मोबाइल कंपनीकडे सिम बदलण्यासाठी वेगळा पिन ठेवायची सोय असेल तर ती घ्यावी. आपल्या नावावरचा कर्ज-अहवाल वेळोवेळी मागवून पाहावा. जिथे तो गोठवता येतो तिथे नवं कर्ज घ्यायचं नसताना गोठवूनच ठेवावा.

या सगळ्या ठिकाणी पत्र वाचणारे डोळेच लागतात, म्हणून मोजकं सांगायचं तर: फोनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, त्यावर टिचकी मारून पूर्ण पत्ता पाहा. दुव्यात सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’मागच्या दोन रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचे दोन, काही देशांत तीन, तुकडे म्हणजे खरा मालक. त्याच्या डावीकडे ‘गूगल’ लिहिलं असलं तरी त्याला किंमत नाही. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याचं डोमेन तपासणाऱ्या चाचण्यांचे निकाल दिसतात. ‘फेल’ दिसलं तर पत्र संशयास्पद. ‘पास’ दिसलं तर एवढंच कळतं की पत्र त्या डोमेनवरून आलं आहे. ते डोमेन भामट्याचंच असू शकतं, आणि तो ही तिन्ही नीट बसवतो. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राचंही तसंच. क्रोमने तर आवृत्ती ११७ मध्ये ते काढूनच टाकलं. जोडलेली एचटीएमएल फाइल उघडल्यावर पत्ता ‘फाइल’पासून सुरू होत असेल आणि पान पासवर्ड मागत असेल, तर ते खोटंच. क्यूआर कोड असलेलं पत्रही त्याच माळेतलं: दुवा चित्रात दडवला की ईमेलच्या गाळण्या चुकवता येतात आणि तुम्ही संगणक सोडून फोनच्या छोट्या पडद्यावर जाता, जिथे पत्ता अर्धाच दिसतो.

कोणतं मॉडेल

फक्त खाती वाचवायची असतील तर ५ सीरीजची गरज नाही. त्याच कंपनीची ‘सिक्युरिटी की’ ही साधी मालिका फिडोचं काम तितकंच चोख करते, आणि तिच्यात तो ‘सीसीसी’वाला ओटीपी नसल्याने कटकटही कमी. ५ सीरीज त्यांनी घ्यावी ज्यांना सहा आकडी कोड किल्लीतच ठेवायचे आहेत (५.७ मध्ये ६४ बसतात), किंवा पीजीपी (ईमेल कुलूपबंद करायची पद्धत) आणि स्मार्टकार्ड लागतं. फोनसाठी ५सी एनएफसी सर्वांत सोयीची. नॅनो फक्त एकाच लॅपटॉपवर काम करणाऱ्याला.

गूगलची टायटन २०२३ च्या आवृत्तीपासून २५० पासकी साठवते. नायट्रोकी ३ चं सॉफ्टवेअर खुलं आहे आणि फर्मवेअर बदलता येतं, हा तिचा वेगळा विचार. ज्यांना काहीच विकत घ्यायचं नाही त्यांनी फोनमधली पासकी वापरावी. डोमेनची तपासणी तिथेही अगदी तशीच होते. फरक एवढाच की ती पासकी ॲपलच्या किंवा गूगलच्या खात्यातून इतर उपकरणांवर जाते, तेव्हा ते खातं पडलं की सगळंच पडतं. फोनमध्ये पासकी ठेवून फक्त त्या एका खात्यावर दोन साध्या किल्ल्या लावणं, हा बहुतेकांसाठी सर्वांत काटकसरीचा बंदोबस्त.

वापरलेली किल्ली कधीही घेऊ नये. नवीही कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी, आणि नोंदवण्याआधी युबिकोच्या ‘जेन्युइन’ पानावर लावून ती अस्सल असल्याचं पाहून घ्यावं. त्या पानाचा पत्ता अर्थातच हाताने टाइप करून.